जबाबदार मंत्री

विद्यार्थी मित्रांनो, मराठी शिकताना तुम्हांला पुष्कळ शब्द ओळखीचे वाटत असतील. ‘जबाबदारी’ हा त्यांपैकीच एक. तुमच्या उर्दूतील ‘जवाब’ मराठीत आला आणि ‘जबाब’ झाला. ज्याला जबाब द्यावा लागतो, तो जबाबदार. ‘राजीनामा’ हा शब्दही तुमच्या ओळखीचा आहे. पण येथे थोडे सावध राहा. उर्दूत राजीनामा म्हणजे भांडणाऱ्या दोन पक्षांमध्ये झालेला समझोता. मराठीत मात्र राजीनामा म्हणजे इस्तीफा. या दोन्ही शब्दांचा अर्थ ज्यांच्या जीवनातून चांगला समजतो, अशा एका मंत्र्यांची ओळख आज आपण करून घेऊ. त्यांचे नाव लालबहादूर शास्त्री.

लालबहादूर यांचा जन्म २ ऑक्टोबर १९०४ रोजी मुघलसराय येथे झाला. मुघलसराय हे काशीजवळचे रेल्वेचे मोठे ठाणे. वडील शारदाप्रसाद शिक्षक होते. मुलगा जेमतेम दीड वर्षाचा असताना ते वारले. आई रामदुलारीदेवी मुलांना घेऊन माहेरी राहिल्या. लालबहादूर यांचे पहिले धडे एका मौलवीसाहेबांजवळ झाले. त्या घराण्यात मुलांनी उर्दू शिकण्याची रीतच होती. म्हणजे तुम्ही आज ज्या भाषेत शिकता, तिची ओळख शास्त्रीजींनाही अगदी बालपणी झाली होती.

पुढे ते काशीच्या शाळेत गेले. जातीवरून माणसाची ओळख होऊ नये, म्हणून त्यांनी आपले आडनाव टाकून दिले. १९२१ मध्ये महात्मा गांधींनी असहकाराची हाक दिली, तेव्हा त्यांनी शाळा सोडली. नंतर काशी विद्यापीठ या राष्ट्रीय संस्थेत त्यांनी शिक्षण पूर्ण केले. तेथे त्यांना ‘शास्त्री’ ही पदवी मिळाली. लोक त्यांना त्याच नावाने ओळखू लागले. स्वातंत्र्याच्या लढ्यात त्यांनी अनेकदा तुरुंगवास भोगला.

१९४७ मध्ये उत्तर प्रदेशाच्या मंत्रिमंडळातील रफी अहमद किडवाई केंद्र सरकारात गेले आणि शास्त्रीजी त्या मंत्रिमंडळात मंत्री झाले. पोलीस व वाहतूक ही खाती त्यांच्याकडे आली. सरकारी बसगाड्यांवर स्त्रियांना वाहक म्हणून नेमण्यास त्यांच्या काळात सुरुवात झाली. जमाव पांगवण्यासाठी पोलिसांनी लाठीऐवजी पाण्याचा फवारा वापरावा, असेही त्यांनी सुचवले.

१९५२ मध्ये पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. शास्त्रीजी राज्यसभेचे सदस्य झाले आणि पंतप्रधान जवाहरलाल नेहरूंनी त्यांना रेल्वे व वाहतूक खात्याचे मंत्री नेमले. हे काम सोपे नव्हते. महायुद्धाच्या काळात इंजिने आणि डबे झिजून गेले होते. फाळणीमुळे रेल्वेचे मार्गही तुटले होते. गाड्यांना खच्चून गर्दी असे. सर्वांत अधिक हाल होत ते तिसऱ्या वर्गाच्या प्रवाशांचे. तुम्ही तिसरा वर्ग पाहिलेला नाही, कारण तो १९७४ मध्ये बंद झाला. त्या काळी गरीब प्रवाशांना तोच परवडत असे.

आता तुम्ही विचाराल, मंत्री संसदेत नेमके काय करतो? तो उत्तरे देतो. संसदेचे अधिवेशन चालू असताना प्रश्नोत्तराचा तास असतो. खासदार प्रश्न विचारतात आणि संबंधित मंत्र्याला उठून उत्तर द्यावे लागते. गाडी उशिरा का आली? अमुक स्थानकावर पिण्याचे पाणी का नाही? मालाची चोरी कशी झाली? प्रश्न लहान असो की मोठा, तो टाळता येत नाही. शास्त्रीजी दिसायला लहानखुरे आणि बोलायला मृदू. पण त्यांना हा जबाब रोज द्यावा लागे.

दुसरे मोठे काम पैशाच्या हिशोबाचे. त्या काळी रेल्वेचे अंदाजपत्रक देशाच्या अंदाजपत्रकाहून वेगळे मांडले जाई. ही पद्धत २०१७ मध्ये बंद झाली. १९५२ ते १९५६ या काळातील रेल्वेची अंदाजपत्रके शास्त्रीजींनी लोकसभेत मांडली. येथे एक गंमत लक्षात ठेवा. ते राज्यसभेचे सदस्य होते. आपल्या संविधानाप्रमाणे मंत्र्याला दोन्ही सभागृहांत बोलता येते, पण मत मात्र आपल्याच सभागृहात देता येते. म्हणजे लोकसभेत त्यांना उत्तर द्यायचे होते, पण तेथे त्यांना मत नव्हते!

त्यांच्या कारकिर्दीत अनेक कामे झाली. मुंबईहून ठाण्याला पहिली आगगाडी धावली ती १६ एप्रिल १८५३ रोजी. १९५३ मध्ये भारतीय रेल्वेने शंभर वर्षे पूर्ण केली, तेव्हा शास्त्रीजीच रेल्वेमंत्री होते. २ ऑक्टोबर १९५५ रोजी मद्रासजवळ पेरांबूर येथे रेल्वेचे डबे बनवणारा मोठा कारखाना सुरू झाला. त्याच वर्षी जुना, अतिशय महागडा पहिला वर्ग बंद करण्यात आला. रेल्वेच्या मालाची चोरी रोखण्यासाठी संसदेने १९५५ मध्ये कायदा केला. पुढच्या वर्षी राष्ट्रीय महामार्गांचा कायदाही झाला.

रेल्वेत लाचलुचपत फार आहे, अशी तक्रार होती. शास्त्रीजींनी ती झाकून ठेवली नाही. १९५३ मध्ये चौकशीसाठी एक समिती नेमण्यात आली. तिचे अध्यक्ष होते आचार्य कृपलानी. कृपलानी हे त्या वेळी विरोधी पक्षाचे मोठे नेते होते. विचार करा, आपल्याच खात्यातील दोष शोधण्याचे काम विरोधकाच्या हाती देण्यात आले! सरकारवर रोज टीका करणारा माणूस दोष लपवणार नाही, हे सर्वांना ठाऊक होते.

मग १९५६ चे वर्ष उजाडले. त्या वर्षीच्या पावसाळ्यात दक्षिणेत महबूबनगरजवळ पुराच्या पाण्याने रेल्वेचा पूल खचला आणि गाडी कोसळली. शंभराहून अधिक माणसे मरण पावली. शास्त्रीजींनी राजीनामा पंतप्रधानांकडे दिला. नेहरूंनी तो स्वीकारला नाही. शास्त्रीजी पुन्हा कामाला लागले.

पण तीन महिनेही झाले नाहीत, तोच दुसरा घाला पडला. मद्रासहून तुतीकोरीनकडे जाणारी एक्सप्रेस गाडी रात्रीच्या अंधारात धावत होती. पाऊस कोसळत होता. नदी दुथडी भरून वाहत होती. २३ नोव्हेंबर १९५६ च्या पहाटे अरियलूरजवळ गाडी पुलापाशी आली आणि इंजिनासह डबे पाण्यात गेले. प्रवासी झोपेत होते. सुमारे दीडशे माणसांचे प्राण गेले.

संसदेचे अधिवेशन चालू होते. शास्त्रीजींनी पुन्हा राजीनामा लिहिला आणि या वेळी तो लवकर स्वीकारावा, अशी पंतप्रधानांना विनंती केली. अनेक खासदारांना वाईट वाटले. असा प्रामाणिक मंत्री जाऊ नये, असे त्यांचे म्हणणे होते. नेहरूंनाही शास्त्रीजींविषयी फार आदर होता. अपघातात शास्त्रीजींचा दोष नाही, हे त्यांनी लोकसभेत स्पष्ट केले. तरीसुद्धा त्यांनी राजीनामा स्वीकारला. कारण अशी मोठी दुर्घटना घडली तर काहीच न घडल्यासारखे आपण पुढे जाणार नाही, हे देशाला दिसले पाहिजे, असे त्यांना वाटत होते.

मित्रांनो, तुमच्या मनात एक शंका नक्कीच आली असेल. पूल शास्त्रीजींनी बांधला नव्हता. गाडी ते चालवत नव्हते. पूर आणणे किंवा थांबवणे त्यांच्या हाती नव्हते. मग त्यांनी पद का सोडावे? त्यांच्या जाण्याने मेलेली माणसे थोडीच परत येणार होती?

ही शंका योग्य आहे. त्या वेळीही ती अनेकांनी विचारली होती. तिचे उत्तर पाठाच्या आरंभी पाहिलेल्या शब्दात आहे. दोष आणि जबाबदारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोष ज्याने चूक केली त्याचा असतो आणि तो चौकशीत शोधावा लागतो. जबाबदारी मात्र ज्याने काम पत्करले त्याची असते. रेल्वेतील प्रत्येक रूळ आणि प्रत्येक पूल मंत्री स्वतः पाहू शकत नाही. पण संसद त्या रुळाविषयी आणि पुलाविषयी प्रश्न विचारते, तो मंत्र्यालाच. चांगल्या कामाचे श्रेय मंत्री घेतो, तर वाईट घटनेचा भारही त्यानेच उचलावा, असे शास्त्रीजींना वाटले. ज्या घरांतील माणसे गेली, त्या घरांना खालच्या एखाद्या नोकराकडे बोट दाखवून उत्तर द्यावे, हे त्यांना पटले नाही.

मंत्रिपद गेले, पण लोकांच्या मनातील स्थान वाढले. १९५७ मध्ये ते अलाहाबादमधून लोकसभेवर निवडून आले आणि पुन्हा वाहतूक व दळणवळण खात्याचे मंत्री झाले. पुढे १९६१ मध्ये ते गृहमंत्री आणि ९ जून १९६४ रोजी भारताचे पंतप्रधान झाले. १९६५ च्या युद्धानंतर ताश्कंद येथे त्यांनी पाकिस्तानबरोबर शांततेचा करार केला. त्याच रात्री, ११ जानेवारी १९६६ रोजी, तेथेच त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी त्यांना मरणोत्तर ‘भारतरत्न’ देण्यात आले.

१९९९ मध्ये गैसल येथे भीषण रेल्वे अपघात झाला, तेव्हा त्या वेळचे रेल्वेमंत्री नितीश कुमार यांनीही राजीनामा दिला. असे प्रसंग थोडेच. म्हणूनच देशात मोठा अपघात झाला की लोकांना शास्त्रीजींची आठवण येते.

तुमच्यावरही लहानमोठ्या जबाबदाऱ्या असतात. कोणी वर्गाचा प्रमुख असतो, कोणी संघाचा कप्तान. काही बिघडले की ‘मी नाही केले’ हे शब्द पटकन ओठांवर येतात. कदाचित ते खरेही असतील. पण त्या वेळी क्षणभर थांबा आणि स्वतःला विचारा, हे काम कोणावर सोपवले होते? उत्तर ‘माझ्यावर’ असे आले, तर पुढे होऊन जबाब द्या.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) शास्त्रीजींना ‘शास्त्री’ ही पदवी कोठे मिळाली?
(आ) लाचलुचपतीच्या चौकशी समितीचे अध्यक्ष कोण होते?

२. ‘राजीनामा’ या शब्दाचा उर्दूतील व मराठीतील अर्थ लिहा.

३. ‘दोष’ आणि ‘जबाबदारी’ यांतील फरक आपल्या शब्दांत सांगा.

४. शास्त्रीजींनी राजीनामा दिला, हे योग्य झाले असे तुम्हांला वाटते का? का?