‘लोकमित्रा’ची लेखणी

वृत्तपत्रांमुळे राज्यक्रांती होते काय, हा वाद जुना आहे. तो निघाला की झां पॉल मारा याचे चरित्र आम्हांस आठवल्यावाचून राहत नाही.

मारा याचा जन्म १७४३ साली, आज स्वित्झर्लंडमध्ये असलेल्या बूद्री या गावी झाला. काही वर्षे लंडनमध्ये वैद्यकी केल्यावर तो पॅरिसमध्ये राजबंधूच्या रक्षकदलाचा वैद्य झाला. १७८९ मध्ये मुद्रणावरील जुनी बंधने गळून पडली आणि त्याच सप्टेंबरात या छेचाळीस वर्षांच्या वैद्याने ‘लोकमित्र’ अशा अर्थाच्या नावाचे पत्र काढले.

हे लहानसे पत्र बव्हंशी त्याच्या एकट्याच्या लेखणीतून उतरे. भाकरीची टंचाई, दरबारची कारस्थाने, सेनापतींची दुटप्पी निष्ठा यांवर तो तुटून पडे. त्याच्यावर पकडहुकूम सुटले. तो तळघरांत लपला, लंडनला पळाला, परतला आणि पुन्हा लिहू लागला. राजा पळून जाईल, असे तो बजावीत होता. जून १७९१ मध्ये सोळावा लुई खरोखरच पळाला व वाटेत पकडला गेला. गरिबांचा या पत्रावर विश्वास बसला, तो उगाच नव्हे.

परंतु जागल्याचा शब्द आणि मारेकऱ्याचा शब्द यांतील अंतर त्याने राखले नाही. १७९० मध्येच त्याने पाचसहाशे शिरे मागितली होती. सप्टेंबर १७९२ मध्ये पॅरिसच्या तुरुंगांत हजाराहून अधिक बंदिवानांची कत्तल झाली, तेव्हा तिचे समर्थन करून इतर प्रांतांस तिचे अनुकरण करावयास सांगणाऱ्या पत्रकावर त्याची सही होती.

१३ जुलै १७९३ रोजी, त्वचारोगाने जर्जर होऊन स्नानाच्या टबात बसून काम करीत असता, शार्लोत कोर्दे या तरुणीने त्याला भोसकले. एकाच्या वधाने हजारोंचे प्राण वाचतील, अशी तिची समजूत होती. हा हिशेब माराचाच होता. तो तिचाही चुकला. दहशत उलट वाढली. सप्टेंबर १७९४ मध्ये पँथिऑनमध्ये सन्मानाने ठेवलेला माराचा देह पाच महिन्यांतच तेथून काढण्यात आला.

वृत्तपत्र एकटे क्रांती करीत नाही. उपाशी पोटे आणि आंधळी सत्ता तिची तयारी आधीच करून ठेवतात. पण पेटलेल्या जनतेने कोठे थांबावे, हे सांगण्याचे उत्तरदायित्व संपादकाचे असते. माराजवळ धैर्य होते, त्याग होता, लोकांचे प्रेम होते. हे एवढे मात्र त्याने केले नाही. लेखणी हाती घेणाऱ्या आम्हा सर्वांना याचा विसर पडू नये.