शिल्पकार पिलू पोचखानवाला : शिल्पाला मागची बाजूही असते



मी मुलुंडच्या एका शाळेत शिकवते. मागे एकदा वर्गात शिल्पकलेवर बोलत होते. फळ्यावर एका मूर्तीचं छायाचित्र लावलं होतं. पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "बाई, ही मागून कशी दिसते?" मला उत्तर देता आलं नाही. मी स्वतःही ती मूर्ती फोटोतच पाहिली होती! त्या प्रश्नामुळे आज तुम्हाला आपल्या मुंबईच्याच एका शिल्पकार बाईंची ओळख करून द्यावीशी वाटते.

जन्म आणि शिक्षण

पिलू पोचखानवाला यांचा जन्म १९२३ साली मुंबईत, एका पारशी कुटुंबात झाला. कलाशाळेत त्या गेल्याच नाहीत. त्यांनी वाणिज्य शाखेची पदवी घेतली आणि जाहिरातीच्या क्षेत्रात काम धरलं. म्हणजे बघा, वयाच्या पंचविशीपर्यंत पुढे शिल्पकार होण्याची काही चिन्हं नव्हती.

एक प्रवास आणि आयुष्याला कलाटणी

१९५१ मध्ये त्या युरोपला गेल्या. तिथल्या संग्रहालयांमध्ये त्यांनी शिल्पं प्रत्यक्ष पाहिली. शिल्पासमोर उभं राहिलं की त्याची उंची आपल्या उंचीशी ताडून बघता येते. दोन पावलं बाजूला सरकलं की सावली बदलते, आकार बदलतो. हे सगळं पाहून त्यांनी ठरवलं, आपण हेच करायचं. तेव्हा त्या २८ वर्षांच्या होत्या.

मुंबईत परतल्यावर त्या शिल्पकार ना. ग. पानसरे यांच्याकडे शिकल्या. फोर्टमधल्या न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्सच्या इमारतीवर ज्या भव्य आकृती दिसतात ना, त्या पानसरे यांच्याच. पुढचं बरंचसं शिक्षण मात्र पिलूबाईंनी स्वतःच, हाताने काम करत करत घेतलं.

लाकडापासून भंगारापर्यंत

सुरुवातीला त्यांच्या कामात माणसाची आकृती दिसते. हळूहळू ओळखीचे आकार मागे पडले आणि त्या अमूर्त शिल्पं घडवू लागल्या. लाकूड, दगड, सिमेंट, शिसं असं करत त्या धातूच्या भंगाराकडे वळल्या. लोखंडाचे टाकाऊ तुकडे वेल्डिंगने जोडून त्यांनी शिल्पं उभी केली. त्या काळी आपल्याकडे शिल्पकला करणाऱ्या स्त्रिया हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. ठिणग्या उडणारं, ताकदीचं काम बाईने करावं, हीच नवलाची गोष्ट होती.

त्यांचं 'स्पार्क' हे शिल्प हाजी अलीच्या चौकात कित्येक वर्षं उभं होतं. बसने जाणाऱ्या-येणाऱ्यांनी ते तिकीट न काढता पाहिलं. पुढे ते त्या चौकातून हलवण्यात आलं. चौकात पुतळा असतो तेव्हा आपण मान वर करून बघतोच असं नाही. गेल्यावर जागा रिकामी वाटते.

सगळ्यांसाठी कला

पिलूबाई स्वतःच्या कामापुरतं पाहून थांबल्या नाहीत. १९६० च्या दशकात मुंबईत कला महोत्सव भरवण्यात त्या पुढे होत्या. १९११ साली बांधलेला सर कावसजी जहांगीर हॉल कलादालन व्हावा, म्हणून त्यांनी खटपट केली. १९८६ मध्ये त्यांचं निधन झालं. त्या हॉलमध्ये राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय सुरू झालं ते १९९६ साली. म्हणजे ज्या दारासाठी त्या झटल्या, ते उघडलेलं पाहणं काही त्यांच्या नशिबी नव्हतं. आपली मुलं मात्र त्या दारातून आत जाऊ शकतात.

आता आपण काय करायचं?

हे संग्रहालय रीगल सिनेमाजवळच आहे. मुलुंड-घाटकोपरहून सीएसएमटीला उतरायचं, अंधेरी-बोरिवलीहून चर्चगेटला. सोमवारी बंद असतं. तिथली प्रदर्शनं बदलत असतात, म्हणून आधी चौकशी करून जा.

तेवढं लांब जमत नसेल, तर बोरिवलीची कान्हेरी लेणी आहेतच. तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात बुद्धांच्या सुमारे ७ मीटर उंच मूर्ती आहेत. मुलांना त्यांच्या पायाशी उभं करा, मगच ७ मीटर म्हणजे किती ते कळेल. या मूर्ती भिंतीतच कोरलेल्या, त्यांच्या मागे जाता येत नाही. संग्रहालयातल्या सुट्या शिल्पाला मात्र फेरी मारता येते. हा फरक मुलांना स्वतः शोधू द्या.

माहिती लगेच सांगू नका. आधी शिल्पाभोवती एक फेरी, मग तीन वेगवेगळ्या जागी थांबून तीन छोटी चित्रं काढायला सांगा. हात लावायचा नाही, हे आधीच बजावा!

आणि मुलांनी विचारलंच, मागून कसं दिसतं, तर म्हणा, चल, जाऊन बघू. पिलूबाईंची सुरुवातही तशीच, जाऊन बघण्यातूनच झाली होती.