समोरचे बाद होत गेले, विजय हजारे उभे राहिले

सांगलीत 11 मार्च 1915 ला एका शिक्षकाच्या घरी विजय हजारे जन्मले. मराठी ख्रिस्ती कुटुंब, भावंडं बरीच, पैसा बेताचा. अशा घरातला मुलगा पुढे भारताचा कर्णधार झाला, यात सांगलीच्या पूर्वेकडच्या जत संस्थानचा मोठा वाटा आहे. मराठी आणि कानडी दोन्ही भाषा सहज कानावर पडतात तो हा सीमेवरचा मुलुख. जतच्या राजेसाहेबांना क्रिकेटचं वेड. त्यांनी थेट ऑस्ट्रेलियाचा नावाजलेला लेगस्पिनर क्लॅरी ग्रिमेट याला शिकवायला आणलं. हजारेंची बॅट धरण्याची तऱ्हा पुस्तकातली नव्हती, पण ग्रिमेटने ती बदलायला लावली नाही. हे बरंच झालं म्हणायचं.

1939-40 च्या रणजी हंगामात पुण्यात महाराष्ट्राकडून खेळताना हजारेंनी नाबाद 316 धावा काढल्या. भारतीय फलंदाजाचं हे पहिलं त्रिशतक, आणि समोरचा संघ होता बडोदा. पुढे ज्यांना धुतलं त्यांच्याकडेच ते गेले. बडोदा संस्थानची नोकरी मिळाली, संघही तोच आणि अखेरपर्यंत गावही तेच.

हजारेंचा स्वभाव अबोल. मैदानावर चढा आवाज नाही की हातवारे नाहीत. विजय मर्चंट यांच्याशी मात्र धावांची शर्यत लागायची. तेव्हा मुंबईत धर्मानुसार संघ पाडून पंचरंगी सामने होत, आणि हजारे खेळत ते ‘रेस्ट’ या संघाकडून. म्हणजे ख्रिस्ती आणि बाकीचे उरलेसुरले. 1943 च्या डिसेंबरात त्यांनी मुस्लिम संघाविरुद्ध 248 काढून स्पर्धेचा विक्रम केला. अंतिम सामन्यात हिंदू संघाच्या मर्चंटनी नाबाद 250 करून तो मोडला. हिंदूंच्या 581 पुढे रेस्टचा पहिला डाव 133 वर आटोपला. दुसऱ्या डावात हजारेंनी काढले 309, संघाचे सगळे मिळून 387. म्हणजे रुपयातले ऐंशी पैसे एकट्याचे! धाकटा भाऊ विवेक याच्यासोबत 300 धावांची भागीदारी झाली, त्यात विवेकचे 21. धाकट्याने फक्त टिकून राहायचं, बाकी थोरला बघेल, असाच तो मामला होता. एवढं करूनही रेस्ट डावाने हरले.

1947 च्या मार्चमध्ये बडोद्यातच रणजीचा अंतिम सामना झाला. समोर सी. के. नायुडूंचा होळकर संघ, म्हणजे इंदूर. बडोद्याचे 3 बाद 91 झाले होते. तिथून हजारे (288) आणि गुल महंमद (319) यांनी 577 ची भागीदारी केली. जगातला हा विक्रम 2006 पर्यंत, म्हणजे जवळपास साठ वर्षं, टिकला. त्याच वर्षी देश फाळणीला सामोरा गेला आणि गुल महंमद नंतर पाकिस्तानकडून कसोटी खेळले.

हजारेंची पहिली कसोटी 1946 सालची, इंग्लंडमध्ये. वय 31. उमेदीची वर्षं महायुद्धात गेली होती. तरी 1948 च्या जानेवारीत अ‍ॅडलेडला ब्रॅडमनच्या संघापुढे त्यांनी जे केलं ते आजही थक्क करतं. ऑस्ट्रेलियाच्या 674 धावा झालेल्या. पहिल्या डावात 116, दत्तू फडकरांसोबत मोठी भागीदारी. फॉलोऑन मिळाल्यावर लिंडवॉलने दुसऱ्या डावात 7 बळी टिपले, आणि हजारेंनी 145 केल्या. कसोटीच्या दोन्ही डावांत शतक करणारे ते पहिले भारतीय. त्याच सामन्यात 201 वर खेळणाऱ्या ब्रॅडमनचा त्रिफळाही त्यांनीच उडवलेला. सामना 28 तारखेला संपला, भारत हरला. दोनच दिवसांनी दिल्लीत गांधीजींची हत्या झाली. त्या दुःखात देशाला अ‍ॅडलेडचं कौतुक कुठून सुचणार?

1951 ला कर्णधारपद आलं. 1952 च्या फेब्रुवारीत मद्रासला इंग्लंडला डावाने हरवून भारताने आपला पहिला कसोटी विजय मिळवला, तो हजारेंच्या नेतृत्वाखाली. विनू मांकड यांनी त्या सामन्यात 12 बळी घेतले. पण चारच महिन्यांनी लीड्सला फलकावर शून्यावर 4 बाद! नवखा ट्रूमन तुफान टाकत होता. पहिल्या डावात 89 केलेले कर्णधार पुन्हा आत आले आणि 56 करून गेले. ओव्हलवर 6 धावांत 5 गडी गेले, तिथंही सर्वाधिक 38 त्यांच्याच. मालिका मात्र 3-0 ने गेली. 1953 च्या वेस्ट इंडिज दौऱ्यानंतर कर्णधारपद सुटलं आणि कसोटी क्रिकेटही. 14 कसोटींत नेतृत्व, विजय एकच. नेतृत्वाच्या ओझ्याने त्यांची बॅट जड केली असं जाणकार म्हणत आले, आणि ते पटण्यासारखं आहे. अशा भिडस्त माणसाला संघातले रुसवेफुगवे सांभाळायला लावणं हा अन्यायच होता.

30 कसोटी, 2192 धावा, 7 शतकं, सरासरी 47.65. 1960 ला पद्मश्री मिळाली. बडोद्यातच 18 डिसेंबर 2004 रोजी त्यांचं निधन झालं. देशांतर्गत एकदिवसीय स्पर्धेला विजय हजारे करंडक हे नाव मिळालं. गंमत अशी की पहिला आंतरराष्ट्रीय एकदिवसीय सामना झाला 1971 मध्ये, हजारे शेवटची कसोटी खेळून गेल्यावर अठरा वर्षांनी.