कोटितीर्थाचा चित्रकार

बीडचे कंकालेश्वराचे देऊळ ज्यांनी पाहिले आहे, त्यांना पाण्यात उभ्या असलेल्या दगडी वास्तूची शोभा निराळी सांगावयास नको. उन्हाबरोबर पाणी रंग पालटते आणि पाण्याबरोबर दगडही वेगळा भासू लागतो. कोल्हापूरच्या रंकाळा तलावात अशीच एक जुनी वास्तू आहे; तिला संध्यामठ म्हणतात. पावसाळ्यात तलाव तुडुंब भरला, की ती बरीचशी बुडून जाते. हा संध्यामठ, पंचगंगेचा घाट आणि विशेषेकरून कोटितीर्थ नावाचा तलाव, यांची चित्रे रंगविण्यात ज्यांनी आपले आयुष्य वेचले, ते चित्रकार म्हणजे आबालाल रहिमान.

आबालालांच्या घराण्यात कुराणाच्या प्रती हाताने लिहून त्या वेलबुट्टीने सजविण्याची परंपरा होती. रेषेचे वळण आणि रंगांची नाजूक नक्षी त्यांनी घरातच पाहिली. पुढे ते मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत शिकले. तेथील शिक्षण पाश्चात्त्य पद्धतीचे होते. १८८८ साली त्यांना व्हाइसरॉयचे सुवर्णपदक मिळाले. एवढा मान मिळालेला चित्रकार मुंबईत राहता, तर धनिकांच्या तसबिरी रंगवून सुखाने जगला असता. आबालाल मात्र कोल्हापुरास परतले.

राजर्षी शाहू छत्रपतींनी त्यांना दरबारी चित्रकार नेमले. महाराज शिकारीस निघाले, की आबालालांनाही बरोबर नेत, आणि शिकारीचे प्रसंग कागदावर उतरत. परंतु दरबाराचा दिमाख त्यांच्या अंगाला कधी चिकटला नाही. त्यांनी लग्न केले नाही, घरदार सजविले नाही. कोटितीर्थाच्या काठी पशुपक्ष्यांच्या संगतीत ते एखाद्या फकिरासारखे राहिले.

त्या एका तलावाची त्यांनी किती चित्रे काढली असतील! पहाटेच्या धुक्यातील तलाव, दुपारच्या उन्हात तळपणारा तलाव, सांजवेळी काळवंडत जाणारा तलाव. पाणी तेच, पण चित्र प्रत्येक वेळी नवे. त्यांचे आवडते माध्यम जलरंग. हे माध्यम दिसते सोपे, पण आहे मोठे कठीण. पाण्यावरची चमक दाखवावयाची, तर तेवढा कागद कोराच सोडावा लागतो, आणि एकदा चुकीचा फटकारा बसला की तो सहसा पुसता येत नाही. विकतचे रंग परवडत नसत, तेव्हा ते झाडपाला आणि माती-दगड यांपासून रंग तयार करीत. कोरा कागद नसला, तर पाठकोऱ्यावर काम भागे. याच काळात फ्रान्समध्ये क्लोद मोने नावाचे चित्रकार आपल्या बागेतील तळ्याची आणि त्यातील कमळांची चित्रे वर्षानुवर्षे काढीत होते. या दोघांची कधी गाठ पडली नाही. एकच पाणी पुन्हा पुन्हा न्याहाळण्याचा छंद मात्र दोघांनाही जडला होता.

आबालालांनी आपली चित्रे विकून पैसा जोडला नाही. त्यांची कदर करणारा खरा आधार म्हणजे शाहू महाराज. १९२२ च्या मे महिन्यात महाराज निवर्तले. आबालालांवर जणू आभाळच कोसळले. त्या दुःखाच्या भरात त्यांनी आपली हजारो चित्रे कोटितीर्थाच्या पाण्यात टाकून दिली, असे कोल्हापुरात आजही सांगतात. ज्या पाण्याने ती चित्रे दिली होती, त्याच पाण्याने ती परत घेतली. जलरंग पाण्यात किती वेळ टिकणार!

त्यानंतर ते सुमारे नऊ वर्षे जगले. १९३१ साली त्यांचे निधन झाले. बाबूराव पेंटर, माधवराव बागल अशा कोल्हापूरच्या पुढील कलावंतांना त्यांच्याविषयी मोठा आदर वाटे. कोटितीर्थाच्या भोवती आता दाट वस्ती झाली आहे. पाण्यातून वाचलेल्या चित्रांपैकी काही कोल्हापूरच्या टाऊन हॉल वस्तुसंग्रहालयात जपून ठेवलेली आहेत.