चाप न ओढताच गोळी सुटायची! जपानी जनरल नांबू यांच्या पिस्तुलाची गोष्ट

जपानी लष्कराचं टाइप ९४ हे छोटेखानी पिस्तूल. त्याच्या डाव्या अंगाला एक पट्टी उघडी असायची. पिस्तूल भरलेलं, हॅमर ताणलेला, सेफ्टी काढलेली, अशात ही पट्टी दाबली गेली तर चापाला हात न लावता गोळी सुटायची. कारण हॅमरला अडवून धरणारा भागच या पट्टीने हलायचा. बाकी पिस्तुलांत तो आत झाकलेला असतो.

हे पिस्तूल कुणा नवशिक्याचं नव्हतं. ते होतं किजिरो नांबू यांचं, जपानच्या आधुनिक बंदुकांचे जनक.

१८६९ मध्ये सागा इथे जन्म. लष्करी अकादमीतून बाहेर पडले आणि १८९७ मध्ये टोकियोच्या शस्त्र कारखान्यात अरिसाकांच्या हाताखाली आले. १९०२ मध्ये त्यांचं पहिलं सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल आलं. पुढे मशीनगनही. १९२२ च्या टाइप ११ मध्ये गोळ्यांना तेल लागायचं आणि त्या तेलाला धूळ चिकटून बंदूक अडकायची. टाइप १४ पिस्तुलाचं मूळही त्यांच्याच आराखड्यात. त्याच्या म्यानात जादा फायरिंग पिन ठेवायला जागा होती, यावरून काय ते समजा.

१९२४ मध्ये लेफ्टनंट जनरल पदावरून निवृत्त होऊन त्यांनी स्वतःची कंपनी काढली. रणगाड्यात आणि विमानात बसणाऱ्यांना टाइप १४ अवजड व्हायचं. शिवाय जपानी अधिकारी पिस्तूल पदरच्या पैशाने घ्यायचे. म्हणून लहान आणि स्वस्त टाइप ९४ आलं. मॅगझिनमध्ये फक्त ६ गोळ्या. १९४५ पर्यंत साधारण ७० हजार बनली. युद्धाच्या शेवटी तर घाईघाईत, ओबडधोबड.

जपानी सैनिक शरण येताना पिस्तूल पुढे करायचे आणि पट्टी दाबून गोळी झाडायचे, अशा कथा अमेरिकन सैनिकांत फिरल्या. त्या जरा जास्तच रंगवलेल्या वाटतात. दोष मात्र खरा होता.

नांबू १९४९ मध्ये वारले. गंमत बघा, त्याच वर्षी अमेरिकेत बिल रुगरने .२२ चं पिस्तूल बाजारात आणलं आणि ते तुफान चाललं. त्याची रचना रुगरने नांबूंच्या जुन्या पिस्तुलावरून घेतली होती. टाइप ९४ वरून नव्हे!