खासगी आणि दौलत : अहिल्याबाई होळकरांचा हिशेब

वाचकहो, आपल्यापैकी अनेक जण काशीला जाऊन आले असतील. विश्वनाथाच्या ज्या मंदिरात आपण माथा टेकवला, ते १७८० च्या सुमारास अहिल्याबाई होळकरांनी उभारले. गयेला पितरांसाठी पिंडदान करून आपण विष्णुपदाचे दर्शन घेतले असेल, तर ते मंदिरही त्यांनीच बांधलेले. सोमनाथला आजच्या भव्य मंदिराजवळ एक लहान, जुने मंदिर आहे, तेही त्यांचेच. काशी, गया, सोमनाथ यांपैकी एकही क्षेत्र त्यांच्या राज्यात नव्हते. त्यांची राजधानी होती नर्मदातीरी, माळव्यातल्या महेश्वरला.

दर्शन घेऊन बाहेर पडताना आपण त्यांच्या भक्तीला नमस्कार करतो. आज आपण जरा वेगळा प्रश्न विचारू. एवढ्या बांधकामांना पैसा लागला असेल, तो आला कोठून? राज्यातल्या शेतकऱ्याने भरलेला सारा शेकडो मैलांवरच्या घाटांवर खर्च झाला का? या प्रश्नाच्या उत्तरात अहिल्याबाईंच्या चारित्र्याचा गाभा आहे. सत्तेवर बसलेल्यांनी जनतेच्या पैशाशी कसे वागावे, याचा धडाही त्यातच आहे.

चौंडी ते महेश्वर

अहिल्याबाईंचा जन्म १७२५ साली चौंडी या गावी झाला. हे गाव आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील जामखेड तालुक्यात आहे. वडील माणकोजी शिंदे गावचे पाटील होते. माळव्यात मराठ्यांचा जम बसवणारे सुभेदार मल्हारराव होळकर यांनी या मुलीला सून करून घेतले आणि १७३३ साली खंडेरावांशी तिचा विवाह झाला.

सुनेची हुशारी सासऱ्यांनी ओळखली होती. वसुली, जमाखर्च, फौजेची रसद, तोफा आणि दारूगोळा यांची व्यवस्था ही कामे मल्हाररावांनी त्यांच्यावर सोपवली. स्वतः ते मोहिमेवर असत आणि घरचा कारभार पत्रांतून चाले. राज्य हाती येण्याच्या कितीतरी आधी अहिल्याबाई हिशेबाची वही वाचायला शिकल्या होत्या, हे लक्षात ठेवा.

त्यांच्या वाट्याला आलेली दुःखे मोजायला गेलो तर मन थिजते. १७५४ साली कुंभेरच्या वेढ्यात खंडेराव तोफेच्या गोळ्याने मारले गेले. अहिल्याबाई सती जायला निघाल्या, तेव्हा वृद्ध सासऱ्यांनी त्यांना परावृत्त केले. १७६६ मध्ये मल्हारराव गेले. गादीवर बसलेला एकुलता एक मुलगा मालेराव वर्षभरातच वारला.

घरात कर्ता पुरुष उरला नाही, हे पाहून दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी सल्ला दिला की एखादे लहान मूल दत्तक घ्यावे. मूल लहान म्हणजे कारभार दिवाणांच्या हाती, हे उघड होते. राघोबादादांचे पाठबळही त्या बेताला होते. अहिल्याबाईंनी तो साफ नाकारला, शेजारच्या सरदारांकडे मदत मागितली आणि सैन्य सज्ज केले. पुण्याहून माधवराव पेशव्यांनी त्यांच्या बाजूने निर्णय दिला. फौजेची धुरा त्यांनी तुकोजी होळकरांकडे सोपवली आणि १७६७ पासून मुलकी कारभार स्वतः पाहू लागल्या. तो पुढे सुमारे अठ्ठावीस वर्षे चालला.

दोन खाती

आता आपल्या प्रश्नाकडे येऊ. होळकरांच्या घरात पैशाची दोन खाती होती. एक दौलतीचे, म्हणजे राज्याचे. प्रजेचा सारा त्यात जमा होई आणि फौज, कारभार, बंदोबस्त यांवर खर्च होई. दुसरे खासगीचे. १७३४ साली बाजीराव पेशव्यांनी मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाईंना काही महाल स्वतंत्र तोडून दिले होते. त्यांचे उत्पन्न हे घरातील मुख्य स्त्रीचे स्वतःचे धन होते. १७६१ साली गौतमाबाई वारल्यावर ही खासगी अहिल्याबाईंकडे आली.

राज्यही त्यांचेच आणि खासगीही त्यांचीच. विचारणारे कोणी नव्हते. एका खात्यातले दुसऱ्यात फिरवले असते तर कोणाला कळलेही नसते. त्या काळी असे करणे कोणाला वावगेही वाटले नसते, कारण राजाचे ते सारे राजाचेच, अशी सर्वत्र समजूत होती. अहिल्याबाईंनी मात्र ही रेघ जपली. तीर्थक्षेत्रांतील मंदिरे, घाट, धर्मशाळा, अन्नछत्रे असा दानधर्माचा खर्च खासगीतून करायचा आणि दौलतीचा पैसा दौलतीच्या कामी लावायचा, ही त्यांची शिस्त होती.

परंपरेत एक कथा सांगतात. राज्य हाती आल्यावर त्यांनी खासगीच्या साठलेल्या धनावर तुळशीपत्र ठेवून ते धर्मकार्यासाठी वाहून टाकले. आपल्या भाषेत तुळशीपत्र ठेवणे म्हणजे आपला हक्क सोडणे. कथेचा अर्थ नीट पाहा. राज्याच्या तिजोरीवर त्यांनी तुळशीपत्र ठेवले नाही, कारण ती त्यांची नव्हतीच. जे आपले नाही ते दान कसे करणार?

साधकांनो, येथे अध्यात्माचा एक सूक्ष्म नियम दिसतो. ज्याचे धन, त्याचे पुण्य. दुसऱ्याच्या पैशाने केलेल्या दानाचे पुण्य आपल्या नावावर लावणे हीदेखील एक प्रकारची चोरीच. ती देवाच्या दारात होते, म्हणून तिची लाज वाटत नाही, एवढेच.

उन्हाळ्यात वाटसरूंसाठी पाणपोया लावणे, शेतात राबणाऱ्या बैलांना पाणी पाजणे अशी त्यांची व्यवस्था होती. पाखरांसाठी त्या उभ्या पिकाची शेते विकत घेत, कारण शेतकरी आपल्या पिकावरून पाखरे हाकलतो, मग त्यांनी जायचे कोठे? यातले विकत हा शब्द महत्त्वाचा आहे. पाखरांना दाणे मिळाले, पण शेतकऱ्याचे एक कणीसही बुडाले नाही. दया त्यांची होती, म्हणून किंमतही त्यांनीच मोजली.

सत्तेचा लाभ नाकारणे

दोन खाती वेगळी ठेवणे ही अर्धी परीक्षा झाली. पदामुळे चालून आलेला पैसा नाकारणे ही उरलेली अर्धी.

त्या काळी एखादा सावकार निपुत्रिक वारला की सरकारला पर्वणी वाटे. मालमत्ता जप्त करावी, किंवा दत्तकाला मंजुरी देण्यासाठी विधवेकडून भारी नजराणा घ्यावा, असा रिवाज होता. इंदूरचा श्रीमंत सावकार देवीचंद असाच मूल नसताना वारला. जवळच तळ देऊन असलेल्या तुकोजींना त्या संपत्तीत वाटा हवा होता. सावकाराच्या पत्नीने महेश्वर गाठून दाद मागितली. अहिल्याबाईंनी तिलाच वारस ठरवले, वस्त्रे देऊन तिचा सन्मान केला आणि तुकोजींना इंदुरापासून दूर जाण्याचा हुकूम पाठवला. तुकोजी त्यांचेच सेनापती, आणि फौजेला पैशाची चणचण नेहमीचीच. तरीही गरज आहे म्हणून परक्याच्या घरावर हात टाकणे त्यांना मान्य नव्हते.

खरगोणच्या दोन सावकार भावांच्या विधवांची हकीकत याहून बोलकी आहे. त्या आपणहून सारी संपत्ती अहिल्याबाईंना अर्पण करायला आल्या. येथे जुलूम नव्हता, लाचही नव्हती. तरी त्यांनी ती घेतली नाही. हा पैसा आपल्याच हातांनी लोकोपयोगी कामाला लावा, असा सल्ला दिला. पदावर बसलेल्याला मिळणारी भेट बहुधा पदाला मिळालेली असते, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

अधिकाऱ्यांच्या बाबतीतही त्यांची नजर स्पष्ट होती. आज आहे, उद्या नाही, अशी धास्ती असलेला कामगार मिळेल तेवढे ओरबाडून घेतो. म्हणून त्या विश्वासू माणसांना वारंवार बदलत नसत. त्यांचे मंत्री गोविंदपंत गानू वीस वर्षांहून अधिक काळ त्यांच्याजवळ होते. आणि दरबार रोज उघडा असे. पहाटेपूर्वी उठणे, पूजा, पुराणश्रवण, दान, साधे जेवण, मग दुपारपासून संध्याकाळपर्यंत लोकांच्या तक्रारी. सायंपूजेनंतर रात्री नऊ ते अकरा पुन्हा काम. साधना आणि सेवा अशी दोन वेगळी आयुष्ये त्यांना नव्हती.

या रेघेची किंमत

ही वाट सोपी होती असे समजू नका. उत्तरेकडच्या मोहिमांवर असलेले तुकोजी पैशासाठी सतत निकड लावत. अहिल्याबाई आधीचा हिशेब मागत. यावरून दोघांत अनेक वर्षे कटुता राहिली. १७९३ साली लाखेरीच्या लढाईत शिंद्यांच्या कवायती फौजेपुढे होळकरांचा मोठा पराभव झाला. दानधर्माऐवजी फौजेवर अधिक खर्च व्हायला हवा होता, अशी टीका काही जण आजही करतात.

ही टीका झटकून टाकू नये. राज्यकर्त्याचा हात आखडता राहिला तर त्याचेही परिणाम होतात. पण एवढे तरी मान्य करावे लागेल की ज्या पैशाबद्दल ही टीका होते, तो खासगीचा होता. आणि हिशेब न देणाऱ्या हाती आणखी पैसा ओतून कोणतेही राज्य आजवर बळकट झालेले नाही.

घरातही सुख नव्हते. नातू नथोबा गेला. पाठोपाठ १७९१ मध्ये जावई यशवंतराव फणसे गेले आणि मुलगी मुक्ताबाई आईची विनवणी न ऐकता सती गेली. ज्यांच्यासाठी साठवावे असे कोणी उरले नाही. म्हणूनच त्या निर्लोभ होत्या, असे कोणी म्हणेल. पण मुले, नातवंडे असतानाही त्यांची वही तशीच स्वच्छ होती. १३ ऑगस्ट १७९५ रोजी महेश्वरला त्यांनी देह ठेवला.

एका विद्वानाने त्यांच्या स्तुतीचा ग्रंथ लिहून आणला, तेव्हा तो ऐकून घेऊन त्यांनी नर्मदेत सोडायला लावला, अशी नोंद आहे. ही नोंद करणारा जॉन माल्कम हा ब्रिटिश अधिकारी १८१७ साली महिदपूरला होळकरांच्या फौजेविरुद्ध लढला होता. माळव्यात लोक अहिल्याबाईंचे इतके गुण गातात, तर त्यात अतिशयोक्ती असणार, असा त्याचा समज होता. त्याने खोलात जाऊन चौकशी केली, आणि चौकशी जसजशी वाढली तसतसा त्याचा आदरही वाढला.

आपल्या वहीकडे

वाचकहो, आज रस्त्याकडेच्या बसथांब्यावर, समाजमंदिरावर, रुग्णवाहिकेवर नेत्यांची नावे आणि छायाचित्रे आपण पाहतो. पैसा आपला, पाटी त्यांची. निविदा नातलगाला मिळते, सरकारी गाडी लग्नाला जाते, आणि हे पाहून आपण हळहळतो. हळहळून काही होत नाही. ग्रामसभेत जमाखर्च मागणे, माहितीच्या अधिकारात अर्ज करणे, मत देताना माणसाची वही पाहणे, हे आपल्या हातात आहे. हिशेब मागण्यात कसला आला अनादर? अहिल्याबाईंनी तो आपल्या सेनापतीकडेही मागितला.

पण मागण्याआधी आपली वही उघडू. आपल्यापैकी कोणी गृहनिर्माण संस्थेचा खजिनदार असेल, कोणी उत्सवाची वर्गणी गोळा करत असेल, कोणी आपल्या शाखेची दानपेटी सांभाळत असेल. कार्यालयातला कागद घरच्या वहीसाठी येतो का? वर्गणीतले उरलेले शंभर रुपये पुढे बघू म्हणून खिशातच राहतात का? संस्थेच्या पैशाने केलेल्या सेवेचे श्रेय आपण आपल्या नावावर घेतो का?

भ्रष्टाचाराची सुरुवात कोटींनी होत नाही. दोन खात्यांमधली रेघ पुसट होते तेथे ती होते. म्हणून या आठवड्यात एवढेच करू या. आपल्या हाती असलेला जो पैसा इतरांचा आहे, तो वेगळ्या पाकिटात ठेवू, त्याचा जमाखर्च लिहू आणि कोणी न मागताच तो चार जणांना दाखवू. मग पुढच्या वेळी विश्वनाथापुढे उभे राहताना, ते मंदिर उभारणाऱ्या माउलीच्या नजरेला नजर देण्याचे बळ आपल्यात येईल.