विश्लेषण : पंचाने नेमके कुठे उभे राहायचे? सॉफ्टबॉललाही उपयोगी पडलेला बिल क्लेम यांचा धडा काय?

सॉफ्टबॉलचा सामना पाहताना एक गोष्ट लक्षात येते. होम प्लेटमागचा पंच कॅचरच्या थेट पाठीशी नसतो. तो बॅटर आणि कॅचर यांच्यामधल्या फटीत वाकून उभा असतो. ही जागा बेसबॉलमधून आली. तिथे ती रुजवण्याचे श्रेय प्रामुख्याने अमेरिकी पंच बिल क्लेम यांना दिले जाते.

बिल क्लेम कोण होते?

क्लेम यांचा जन्म २२ फेब्रुवारी १८७४ रोजी न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथे झाला. खेळाडू म्हणून जम न बसल्याने ते पंचगिरीकडे वळले. १९०५ मध्ये ते नॅशनल लीगमध्ये आले आणि १९४१ पर्यंत तिथेच राहिले. १८ वर्ल्ड सीरिजमध्ये त्यांनी काम केले, हा विक्रम आजही कायम आहे. १९०८ मध्ये निर्णायक सामन्यापूर्वी त्यांना लाच देऊ केली गेली. ती नाकारून त्यांनी वरिष्ठांना कळवले.

प्लेटमागची जागा का बदलली?

त्या काळी अनेक पंच छातीपुढे उशीसारखे मोठे संरक्षक कवच धरत. त्यामुळे वाकता येत नसे आणि कॅचरच्या डोक्यावरून पाहावे लागे. गुडघ्याजवळून जाणारा चेंडू नेमका कॅचरच्या शरीराआड जाई. क्लेम यांनी कोटाच्या आत घालायचे छोटे कवच वापरले. त्यामुळे हात मोकळे झाले, खाली वाकता आले आणि बॅटरच्या बाजूच्या फटीतून चेंडू पिचरच्या हातापासून ग्लोव्हजपर्यंत दिसू लागला. या जागेचा तोटाही आहे : प्लेटची पलीकडची कड थोडी दूर राहते. तरीही नॅशनल लीगने हीच पद्धत उचलली. अमेरिकन लीगने मात्र नव्या पंचांसाठी आतले कवच सक्तीचे करायला १९७७ उजाडले.

हातवाऱ्यांचे श्रेयही त्यांचेच का?

यावर वाद आहे. स्ट्राइकसाठी उजवा हात उंचावण्याचे श्रेय साय रिग्लर या पंचांनाही दिले जाते. क्लेम यांच्यामुळे अशा खुणा लोकप्रिय झाल्या, एवढे मात्र सर्वसाधारणपणे मान्य आहे.

१९०९ मध्ये काय घडले?

पिट्सबर्ग आणि डेट्रॉइट यांच्यातील वर्ल्ड सीरिजच्या दुसऱ्या सामन्यात मैदानावर क्लेम आणि बिली एव्हान्स हे दोनच पंच होते. एक फटका प्रेक्षकांच्या जागेत गेला. पण तो थेट गेला की टप्पा पडून, हे दोघांनाही दिसले नाही. अखेर प्रेक्षकांकडे चौकशी करावी लागली. त्यानंतर त्याच मालिकेत चार पंच उभे केले गेले. जिथे पंच नाही तिथला निर्णय अंदाजावर जातो, हे त्या दिवशी उघड झाले.

निवृत्ती का घेतली?

१९४१ मध्ये त्यांनी एका धावपटूला बाद दिले. नंतर आपण खात्रीने नव्हे, तर अंदाजाने निर्णय दिला असे त्यांना वाटले आणि त्यांनी थांबायचे ठरवले, अशी आठवण सांगितली जाते. १६ सप्टेंबर १९५१ रोजी त्यांचे निधन झाले. १९५३ मध्ये टॉम कॉनोली यांच्यासह त्यांना बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळाले. हा मान मिळवणारे हे दोघे पहिले पंच.

आज सॉफ्टबॉलमध्ये याचा उपयोग काय?

महिलांच्या सॉफ्टबॉलमध्ये पिचर अवघ्या ४३ फुटांवरून चेंडू टाकते, त्यामुळे पंचाला विचार करायला क्षणच मिळतो. म्हणून चेंडू सुटण्याआधीच फटीत स्थिर व्हायचे आणि डोके हलू द्यायचे नाही, हे शिकवले जाते. बेसवरच्या पंचालाही तोच नियम लागू आहे. पहिल्या बेसकडे चेंडू फेकला जाताना त्याने फेकीच्या रेषेशी काटकोनात, काही अंतर राखून थांबायचे. पाय बेसवर पडताना पाहायचा आणि चेंडू ग्लोव्हजमध्ये बसल्याचा आवाज ऐकायचा. स्पर्श करून बाद करण्याचा प्रसंग असेल तर मात्र जवळ जायचे. धावत असताना निर्णय द्यायचा नाही : आधी थांबायचे, मग पाहायचे, मग हात उचलायचा.